पेटंटचा अर्ज करण्याआधी नेमकं काय शोधलंय ते ठरवा

प्रश्न : मी फॅब्रिकेशनचं काम करतो. जिन्यावर किंवा उंचसखल जमिनीवरही सरळ उभी राहणारी अॅल्युमिनियमची शिडी मी बनवली आहे. दोन्ही बाजूंना आत-बाहेर सरकणारे पाय आहेत. ते पुलीवरून गेलेल्या वायररोपनं एकमेकांना जोडले आहेत, त्यामुळे एक वर गेला की दुसरा खाली येतो. ही माझी कल्पना. पाय टेकले की दातेरी पट्टी आपोआप अडकते आणि शिडी उचलली की सुटते, कारण पुली मी स्प्रिंगच्या तरफेवर बसवली आहे. हा सगळा भाग रिव्हेट मारलेल्या डब्यात बंद आहे. चार महिन्यांपूर्वी तीन रंगारी मित्रांना एकेक शिडी वापरायला दिली. पाच आठवड्यांपूर्वी त्यांतल्या एकानं शिडीचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला. त्यानंतर एका कंपनीचा फोन आला की आगाऊ पैसे भरा, जागतिक पेटंट काढून देतो आणि उत्पादकही गाठून देतो. माझ्याकडे पैसे बेताचेच आहेत. प्रोव्हिजनल, म्हणजे आधी तारीख राखून ठेवणारा तात्पुरता, अर्ज मी स्वतः केला तर चालेल का? शिडी बनवणाऱ्या मोठ्या कंपनीला आत्ता दाखवावी का? – एक वाचक

उत्तर : नमस्कार. त्या कंपनीला अजून पैसे भरले नसतील तर भरू नका. मोठ्या उत्पादकाला शिडी दाखवण्याची घाईही नको. ती वेळ अर्ज दाखल झाल्यावर येईल. तुमच्या पत्रात सगळ्यात तातडीची गोष्ट आहे ती व्हिडिओची आणि त्या तीन शिड्यांची, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पेटंट मिळायचं तर अर्जाच्या तारखेआधी ती गोष्ट जगात कुठेही लोकांसमोर आलेली नसावी लागते. तुम्ही स्वतः दाखवली असली तरी ती 'आलेली'च धरतात. छापून येणं, विक्री, प्रदर्शन, व्हिडिओ, उघड वापर, यांतलं काहीही पुरतं. याचं एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधलं आहे. शिडाच्या फळीवरून पाण्यावर सरकण्याच्या (विंडसर्फिंगच्या) साधनाचं पेटंट तिथल्या अपील न्यायालयानं रद्द ठरवलं. कारण १९५८ च्या सुमारास पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलानं हेलिंग बेटाजवळ तशीच घरगुती फळी उघडपणे वापरली होती. त्यानं ना काही छापलं होतं, ना काही विकलं होतं.

आता तुमचा व्हिडिओ. पेटंट कायद्यात प्रश्न असतो की त्या विषयातल्या जाणत्या माणसाला ते पाहून काय कळेल. बाहेरून पाय खाली-वर होताना दिसत असतील तर तेवढं उघड झालं. डब्यातली तरफ दिसत नसेल तर ती व्हिडिओतून उघड झालेली नाही. व्हिडिओ मित्राला काढायला सांगा, पण आधी त्याची प्रत आणि टाकल्याची तारीख जपून ठेवा. व्हिडिओ काढून टाकला म्हणून झालेलं पुसलं जात नाही. पुढे कुणी आक्षेप घेतला तर त्यात काय होतं आणि काय नव्हतं हे तुम्हालाच दाखवावं लागेल.

व्हिडिओपेक्षा त्या तीन शिड्यांची मला जास्त काळजी वाटते. दिलेली वस्तू उघडून पाहायला घेणारा मोकळा असेल, तर आतली रचना लोकांना उपलब्ध झाली असं बऱ्याच ठिकाणी मानतात. त्यानं प्रत्यक्षात डबा उघडला नसला तरी. म्हणून आजच शिड्या परत मागवा. तिघांना वेगवेगळं विचारा : डबा उघडला होता का? दुसऱ्या कुणाला दिली होती का? "चाचणीसाठी देतोय, आतलं कुणाला सांगू नका" असं आपलं बोलणं झालं होतं का? झालं असेल तर ते त्यांच्याच शब्दांत आजच्या तारखेनं लिहून घ्या. झालं नसेल तर मात्र मागची तारीख टाकून कागद करू नका. असा कागद उघडा पडला की बाकीच्या खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

स्वतःच केलेल्या उघडकीला किती माफी मिळते हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत उघड केल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो. जपानमध्येही एक वर्ष मिळतं, पण त्यासाठी ठरलेल्या मुदतीत तसं निवेदन द्यावं लागतं. युरोपीय पेटंट कार्यालयात जवळजवळ काहीच माफी नाही. भारतातली सवलत ठरावीक प्रदर्शनं, विद्वत्सभेतला निबंध अशा मोजक्याच प्रसंगांपुरती आहे. तुमचं घड्याळ व्हिडिओपासून नाही, चार महिन्यांपूर्वी पहिली शिडी हातातून गेली तेव्हापासून चालू आहे. पेटंट एजंटकडे जाल तेव्हा या दोन्ही तारखा सगळ्यात आधी सांगा. लाजेपोटी लपवलेली तारीख नेमकी उलटतपासणीत वर येते.

आता मुख्य मुद्दा. पत्रात तुम्ही "ही माझी कल्पना" असं म्हटलंय ते एक पाय वर, दुसरा खाली या जोडणीबद्दल. ती जोडणी बहुधा तुमचं पेटंट होणार नाही. पाय एकमेकांशी जोडून समतोल साधणाऱ्या शिड्या जुन्या पेटंटांत आहेत. कुठे दातेरी पट्टी आणि चाक वापरलंय, कुठे द्रव भरलेली नळी. वजन पडलं की अडकणारं कुलूपही नवं नाही. पण "कारण पुली मी स्प्रिंगच्या तरफेवर बसवली आहे" हे जे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय, माझं सगळं लक्ष त्याच्यावर आहे.

तिथे काय घडतं ते पाहा. शिडी हवेत असते तेव्हा दोन्ही पाय दोरीला लोंबकळतात. त्यांचा भार पुलीवर येतो, तरफ खाली ओढली जाते आणि दात पट्टीपासून दूर राहतात. एक पाय वरच्या पायरीवर टेकला तरी दुसरा अजून लोंबतच असतो, म्हणून दोरी ताठ आणि कुलूप उघडं. शिडी आणखी खाली आणली की टेकलेला पाय आत सरकतो आणि दुसरा तेवढाच बाहेर येतो. दुसराही टेकला की दोरी सैल पडते, स्प्रिंग तरफेला वर ढकलते आणि दात बसतात. म्हणजे दोन्ही पाय टेकल्याशिवाय कुलूप लागतच नाही. साध्या वजनाच्या कुलपात नेमका हाच दोष असतो. पहिल्याच पायावर भार आला की ते लागून मोकळं होतं आणि दुसरा पाय अधांतरी राहतो. तुमच्याकडे जोडणारी दोरीच कुलपाला सांगते की आता लाग. एक भाग दोन कामं करतोय, आणि त्यातून एक खरी अडचण सुटतेय. पेटंट कार्यालयातल्या परीक्षकासमोर मांडायची बाब हीच.

अर्थात हेही आधी कुणी केलेलं नसेल तरच. तेव्हा शोध घ्या, आणि तो स्वतः घ्या. एस्पेसनेट, गुगल पेटंट्स आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं पेटंटस्कोप ही पेटंट शोधायची तिन्ही संकेतस्थळं फुकट आहेत. नुसते शब्द टाकून शोधलंत तर निम्मं हातून सुटेल. एक जण 'फूट' म्हणतो, दुसरा 'लेग एक्स्टेन्शन', तिसरा 'लेव्हलिंग मेंबर'. त्यापेक्षा वर्गीकरणाचा क्रमांक धरा. शिड्या ई०६सी (E06C) या वर्गात येतात. त्यात ७/४२ म्हणजे शिडीचे पाय आणि ७/४४ म्हणजे असमान जमिनीवर शिडी उभी करण्याची साधनं. शोधताना हे क्रमांक रोमन अक्षरांत टाका आणि त्या खणातली पेटंटं एकामागून एक चाळा. आधी फक्त चित्रं बघत जा. यंत्राच्या माणसाला चित्रावरून अर्ध्या मिनिटात कळतं की थांबायचं की पुढे जायचं. जवळचं काही सापडलं की त्यानं कुणाचा हवाला दिलाय आणि पुढे कुणी त्याचा दिलाय, दोन्ही दिशांनी जा. दोन-तीन वेळा असं केलं की तीच तीच नावं परत यायला लागतात, तेव्हा समजायचं की त्या कोपऱ्याचा तळ लागला.

एवढ्यावर थांबू नका. दोरीच्या ताणानं कुलूप उघडं ठेवणं ही युक्ती शिडीबाहेरही असू शकते : उद्वाहनाच्या (लिफ्टच्या) सुरक्षा ब्रेकमध्ये, उचलयंत्रात, तिपाईत. दोरी तुटली किंवा सैल पडली की अडकणारा उद्वाहनाचा ब्रेक तर एकोणिसाव्या शतकातला आहे. परीक्षक तो काढून म्हणू शकतो की हा ब्रेक शिडीला लावणं कुणालाही सुचलं असतं. यावरचं उत्तर आत्ताच तयार ठेवा : तिथे ताण जाणं हा अपघात असतो, इथे ती दोन्ही पाय टेकल्याची खूण आहे, आणि तीच दोरी पायांची उंचीही जुळवते. हे उत्तर दोन वर्षांनी पत्रव्यवहारात पहिल्यांदा सुचून फारसा उपयोग नसतो. त्याचा पाया मूळ विवरणातच, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या वर्णनातच, असायला हवा.

आणखी दोन गोष्टी. मुदत संपलेलं किंवा फी न भरल्यानं पडलेलं पेटंटही पूर्वज्ञान म्हणून, म्हणजे आधीच लोकांसमोर आलेली माहिती म्हणून, तुमच्या आड येतंच. ते वापरायला मात्र तुम्ही मोकळे असता. चालू पेटंटची गोष्ट वेगळी. त्याच्या दाव्यात, म्हणजे नेमक्या कशावर हक्क आहे ते सांगणाऱ्या वाक्यात, तुमची शिडी बसत असेल तर तुम्हाला स्वतःचं पेटंट मिळूनही ती विकता येणार नाही. पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा हक्क, स्वतः बनवण्याचा परवाना नव्हे. शिवाय अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतात, त्यामुळे गेल्या दीड वर्षातलं बरंचसं तुम्हाला दिसणारच नाही. शोध कितीही चांगला केला तरी एवढी जोखीम राहते.

मग दावा, म्हणजे क्लेम. प्रोव्हिजनलला बऱ्याच देशांत क्लेम जोडावा लागत नाही, म्हणून लोक तो शेवटी लिहितात. तुम्ही आधी लिहा, कारण क्लेम लिहिताना विवरणात काय राहून गेलंय ते कळतं. स्वतः लिहिणाऱ्यांचा पहिला क्लेम बहुतेक असा असतो :

"२५ मिमीच्या दोन अॅल्युमिनियम नळ्या, ३ मिमीची स्टीलची वायररोप, नायलॉनची पुली, १४ दातांची पट्टी, स्प्रिंगची तरफ आणि तांबडे रबरी बूट असलेली शिडी."

यात एकही गोष्ट खोटी नाही, आणि म्हणूनच तो निरुपयोगी आहे. दाव्यातला प्रत्येक घटक समोरच्याच्या वस्तूत असेल तरच उल्लंघन ठरतं. समोरचा वायररोपऐवजी पट्टा लावेल, दात तेरा करेल, बूट काळे घालेल, आणि सुटेल. काही देशांतली न्यायालयं समतुल्य घटकही धरतात, पण त्या भरवशावर क्लेम लिहायचा नसतो. आता तीच शिडी अशी मांडून बघा :

"असमान पृष्ठभागावर शिडी उभी करण्याचं साधन, ज्यात शिडीच्या दोन बाजूंना सरकणारे दोन पाय, एक पाय वर सरकला की दुसरा खाली सरकेल अशा रीतीनं त्यांना जोडणारा लवचिक जोडभाग, त्या जोडभागाला पेलणारा, हलू शकणारा आधार, आणि पायांचं सरकणं रोखणारं कुलूप आहे, आणि ज्यात तो आधार कुलपाशी असा जोडलेला आहे की जोडभागातल्या ताणामुळे कुलूप उघडं राहतं आणि ताण ओसरला की लागतं."

यात माप नाही, धातू नाही, दातसुद्धा नाहीत. पण शेवटचं 'आणि ज्यात तो आधार' पासूनचं वाक्य काढून टाकलंत तर उरतं ते जुन्या पेटंटांत सापडणारंच काहीतरी. ते वाक्य हाच तुमचा शोध. बाकीचे तपशील पुढच्या, पहिल्यावर अवलंबून असणाऱ्या दाव्यांत एकेक करून टाका : जोडभाग वायररोप आहे, आधार तरफेवरची पुली आहे, कुलूप दातेरी आहे, कुलूप घर्षणाच्या पाचरीचं आहे. पहिला दावा परीक्षणात पडला तर खालचा कुठलातरी टिकावा, यासाठी ही उतरंड असते. "ज्यात आहे" आणि "ज्यात फक्त एवढंच आहे" यांतला फरकही सांभाळा. 'फक्त' आला की प्रतिस्पर्ध्यानं एक जादा स्क्रू लावला तरी तो बाहेर पडतो.

यावरून तुमचा प्रश्न येतो : प्रोव्हिजनल स्वतः करू का? करता येईल, पण एका अटीवर. तो 'तात्पुरता' आहे म्हणून अर्धवट लिहायचा नाही. त्याचं सगळं मोल तारखेत आहे, आणि ती तारीख त्यात जेवढं लिहिलंय तेवढ्यालाच मिळते. अर्ज झाल्यावर नवा मजकूर घुसवता येत नाही. एक पान आणि एक फोटो पाठवून निर्धास्त झालेल्यांना बारा महिन्यांनी कळतं की कुलपाबद्दल त्यात ओळही नव्हती, आणि मधल्या काळात वस्तू तर बाजारात दाखवून झालेली असते. चिकटवलेला लिफाफा स्वतःलाच पोस्टानं पाठवून तारीख सिद्ध करण्याची जी युक्ती सांगतात, तिचा तर काहीच उपयोग नाही. जो आधी अर्ज करतो त्याचा हक्क, हा नियम अमेरिकेनंही मार्च २०१३ पासून घेतला आहे.

तुमच्या विवरणात काय हवं ते सांगतो. चित्रं रेषांची, फोटो नव्हे. संपूर्ण शिडी, एका पायाचा उभा छेद, डबा उघडून तरफ आणि पुली, आणि मग तीच तरफ तीन स्थितींत : शिडी हवेत, एक पाय टेकलेला, दोन्ही टेकलेले. प्रत्येक भागाला क्रमांक, आणि तो क्रमांक सगळ्या चित्रांत तोच. मजकुरात आधी अडचण लिहा, म्हणजे साधं वजनाचं कुलूप पहिल्याच पायावर का लागतं. पण इतरांच्या शिड्यांना नावं ठेवू नका आणि "हे तर सगळ्यांना माहीतच आहे" असं आपल्या कुठल्याही भागाबद्दल लिहू नका. परीक्षक ती कबुली म्हणून वापरतो. मग तिन्ही स्थितींतलं काम क्रमानं सांगा.

आकडे द्या, पण पल्ल्यात द्या. समजा तुमचा एक पाय ७०० ग्रॅमचा आहे. दोन्ही लोंबकळले की पुलीवर साधारण १.४ किलोचा ओढा येतो. शिडी भिंतीला टेकलेली असली की पाय तिरके होतात, नळीतलं घर्षण वाढतं आणि हा ओढा कमी होतो. पुलीच्या ठिकाणी जाणवणारा स्प्रिंगचा जोर या ओढ्यापेक्षा कमी हवा, नाहीतर शिडी हवेत असतानाच कुलूप लागेल. फार कमी ठेवला तर दातांत रंग किंवा सिमेंट भरलं की कुलूप पुरतं बसणारच नाही. हा हिशेब, तुम्ही वापरलेला आकडा आणि चालू शकेल असा वरचा-खालचा पल्ला, तिन्ही लिहा. वाचून दुसऱ्या कारागिराला ती बनवता आली पाहिजे, ही कायद्याचीच अट आहे.

आणि जे बिघडतं तेही लिहा, उपायासकट. दाताच्या टोकावर टोक आलं तर काय होतं? माणूस चढताच पाय काही मिलिमीटर घसरून पुढच्या खाचेत बसतो. शिडीवर उभ्या माणसाला तो धक्का जाणवतो. दातांच्या दोन ओळी अर्ध्या अंतरानं सरकवून लावल्या तर ही घसरण निम्म्यावर येते. हे तुम्ही अजून बनवलं नसेल तरी चित्रासकट घाला. प्रत्यक्ष नमुना असणं बहुतेक ठिकाणी सक्तीचं नाही, बनवता येईल इतकं सांगणं सक्तीचं आहे. तसंच दोरीऐवजी पट्टा, साखळी, पुलीऐवजी गुळगुळीत वळण, दातांऐवजी पाचर, पाणी निघायला भोकं, कुलूप जाम झालं तर हातानं सोडवायची दांडी. तुमची नक्कल करायला बसलेला माणूस यांतलं पहिलं काय करेल याचा विचार करा आणि ते आधीच लिहून ठेवा.

हे सगळं तयार झालं की नोंदणीकृत पेटंट एजंटकडे दोन-तीन तासांचा सल्ला विकत घ्या, अर्ज दाखल करण्याआधी. पैसे बेताचे असतील तर ते खर्चायची खरी जागा हीच. चित्रं आणि वर्णन तुम्ही केलेलं असलं की त्याचा वेळ फक्त क्लेमवर जातो. वैयक्तिक अर्जदाराला सरकारी शुल्कात बऱ्याच देशांत मोठी सवलत असते, तीही विचारा. काही देशांत जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या योजनेतून गरजू संशोधकांना विनामूल्य एजंट मिळतो. परदेशात आधी अर्ज करण्याचा विचार असेल तर थांबा. भारत, अमेरिका, चीन अशा देशांत त्यासाठी आधी परवानगी लागू शकते.

अर्ज दाखल झाला की बारा महिने मिळतात. १८८३ च्या पॅरिस करारातली ही मुदत आहे. तेवढ्यात पूर्ण अर्ज आणि बाहेरच्या देशांचे अर्ज करायचे, ते पहिल्या तारखेचे धरले जातात. मधल्या काळात सुधारणा सुचली तर तिचा वेगळा प्रोव्हिजनल करा, आणि बारा महिन्यांच्या आत दोन्ही मिळून एक पूर्ण अर्ज करा.

जागतिक पेटंट नावाची वस्तू अस्तित्वात नाही. आहे तो पीसीटी (पेटंट सहकार्य करार) नावाचा आंतरराष्ट्रीय अर्ज. त्यातून शोध अहवाल मिळतो आणि देश निवडायला पहिल्या तारखेपासून ३० महिने मिळतात, काही ठिकाणी ३१. त्यानंतर प्रत्येक देशात वेगळा अर्ज, भाषांतर, फी आणि परीक्षण असतंच. तुमच्या वस्तूसाठी मी दोन-तीन देशांपलीकडे जाणार नाही : जिथे अशा शिड्या सर्वांत जास्त बनतात आणि जिथे सर्वांत जास्त खपतात.

म्हणूनच त्या फोनवाल्यांबद्दल मी सुरुवातीला तसं बोललो. पूर्वज्ञान न तपासता कल्पना उत्तम म्हणणं, मोठी आगाऊ रक्कम, "लवकर करा नाहीतर दुसरा कुणी करेल" ही घाई, आणि उत्पादक गाठून देण्याचं तोंडी आश्वासन ही त्यांची ओळख. अमेरिकेत १९९९ च्या कायद्यानं अशा कंपन्यांना करारापूर्वी काही आकडे लेखी द्यावे लागतात. गेल्या पाच वर्षांत किती कल्पना तपासल्या, त्यांतल्या किती वाईट ठरवल्या, आणि किती ग्राहकांना भरलेल्या पैशांपेक्षा जास्त मिळालं. तुम्ही कुठेही असा, हेच प्रश्न लेखी विचारा. आणखी एक फसगत ओळखून ठेवा : पेटंटऐवजी डिझाइनची नोंदणी करून छान प्रमाणपत्र हातात देतात. डिझाइन नोंदणी फक्त दिसण्याचं रक्षण करते. तुमची तरफ डब्यात आहे, ती दिसतच नाही.

मोठ्या उत्पादकाकडे अर्जाची पावती हातात आल्यावर जा. गुप्ततेचा करार मागा, पण बऱ्याच मोठ्या कंपन्या बाहेरच्या माणसाशी तो करत नाहीत. उलट "आम्ही काहीही गुप्त ठेवायला बांधील नाही" असा कागद तुमच्याकडून सही करून घेतात. अशा वेळी अर्जात जे लिहिलंय तेवढंच दाखवा. त्यानंतर सुचलेली सुधारणा मनातच ठेवा. एक पान पुरे : कोणती अडचण, शिडी टेकताना काय घडतं, एका शिडीमागे जादा किती भाग आणि किती वजन. बोलणी पुढे गेली तर विक्रीवरच्या नुसत्या टक्क्यावर समाधान मानू नका. दरवर्षी किमान ठरावीक रक्कम, आणि इतक्या काळात उत्पादन सुरू केलं नाही तर हक्क तुमच्याकडे परत, ही दोन कलमं टक्क्यापेक्षा मोलाची आहेत. पेटंट विकत घेऊन कपाटात ठेवणारेही असतात.

त्यांनी नाही म्हणून नक्कल केली तर? खटला भरायचा खर्च आणि वेळ तुमचा. थांबून थांबून चालणाऱ्या वायपरचे संशोधक रॉबर्ट कर्न्स यांनी १९७८ मध्ये फोर्डवर खटला भरला आणि तडजोड झाली १९९० मध्ये. तेव्हा फक्त खटल्याच्या जोरावर कमाईचे बेत आखू नका. पेटंटचा खरा उपयोग बोलणीच्या टेबलावर होतो, आणि तिथे नेमका, टिकाऊ क्लेम असेल तर समोरचाही खटला टाळू पाहतो.

एक राहिलंच. पुली तरफेवर बसवायची कल्पना पूर्णपणे तुमची होती का? रंगारी मित्रांपैकी किंवा दुकानातल्या कुणी ती सुचवली असेल तर कायद्यानं तोही संशोधक ठरू शकतो, आणि त्याचं नाव अर्जात यायला हवं. सांगितलेलं वेल्डिंग करून दिलं एवढ्यानं कुणी संशोधक होत नाही. नाव गाळलं तर काही देशांत त्या एका कारणानं पेटंट धोक्यात येतं. नाव घातलं आणि हक्कांचा लेखी करार केला नाही, तर काही देशांत तो तुम्हाला न विचारता दुसऱ्याला परवाना देऊ शकतो. तुम्ही कुठे नोकरीला असाल तर नियुक्तिपत्रातलं शोधांबद्दलचं कलमही काढून वाचा. हे अर्जाच्या आधी, मैत्री शाबूत असताना, एका कागदावर मिटवून घ्या : नावं, कुणाचा वाटा किती, आणि फी कोण भरणार.